उष्णता किती साठते हे छापले. ती किती वेगाने आत-बाहेर होते, तेही छापावे

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत वाळू आणि दगडगोटे यांत उष्णता साठवण्याविषयी आलेला लेख आवडीने वाचला. सूर्याची उष्णता दिवसा मिळते आणि कारखान्याला गरम हवा रात्रपाळीलाही लागते, ही जुनी अडचण वाळूसारख्या स्वस्त पदार्थाने बऱ्याच अंशी दूर होऊ शकते, हा लेखाचा मूळ मुद्दा मला मान्य आहे. फिनलंडमधील कान्कानपा या गावी २०२२ मध्ये सुरू झालेल्या साठ्याचा दाखलाही योग्य आहे. शंभर टन वाळूत आठ मेगावॉट-तास उष्णता मावते, हा आकडा मी कागदावर ताडून पाहिला. एक किलो वाळू एका अंशाने तापवायला सुमारे ०.८ किलोज्यूल लागतात, तेव्हा शंभर टन वाळू चारशे अंशांनी तापवली तर ३२ गिगाज्यूल, म्हणजे नऊ मेगावॉट-तासांच्या जरा खाली उत्तर येते. आकडा चोख आहे.

माझी हरकत त्यापुढच्या परिच्छेदाला आहे. कण दगडाचे असल्यामुळे उष्णता साऱ्या ढिगात आपोआप पसरते, म्हणून टाकी बांधावी, वाळू भरावी, तापवावी आणि हवी तेव्हा उष्णता काढून घ्यावी, असा तेथील सूर आहे. आणि मकरपुरा-नंदेसरी या बडोद्याच्या औद्योगिक वसाहतींतील लहान उद्योजकांनी हा मार्ग धरावा, असा सल्लाही लेखकाने दिला आहे. मी बडोद्याच्या रासायनिक कारखानदारीत नोकरी करून निवृत्त झालेला माणूस आहे. कणांनी भरलेल्या नळ्या आणि टाक्या, ज्यांना आम्ही कारखान्यात पॅक्ड बेड म्हणतो, त्यांच्याशी माझा रोजचा संबंध होता. अशा थरात उष्णता किती मावते हा प्रश्न सोपा असतो. ती किती वेगाने आत जाते आणि कोणत्या तापमानाने बाहेर येते, हा प्रश्न अवघड असतो, आणि त्याचे उत्तर कणांपेक्षा कणांमधून वाहणाऱ्या हवेवर जास्त अवलंबून असते. लेखात हवेचा उल्लेख एका ओळीत येऊन जातो, म्हणून हे पत्र.

प्रथम हवा वाहत नसतानाची स्थिती पाहू. अखंड क्वार्ट्झची उष्णतावाहकता मीटरमागे आणि अंशामागे सहा-सात वॅटच्या घरात असते. त्याच क्वार्ट्झची कोरडी वाळू भांड्यात भरली की थराची वाहकता ०.३ वॅटच्या आसपास उतरते. याचे कारण असे की दोन कण एकमेकांना जवळजवळ बिंदूमात्र स्पर्श करतात आणि उष्णतेला एका कणातून दुसऱ्यात जायचे तर त्या बिंदूभोवतीच्या हवेच्या पाचरीतूनच वाट काढावी लागते. स्थिर हवेची वाहकता जेमतेम ०.०२६ वॅट. पोलादाची वाहकता पन्नासच्या आसपास असते, तरी पोलादाच्या गोळ्यांचा हवेने भरलेला थर अर्ध्या-एक वॅटच्या पलीकडे सहसा जात नाही. कण चांगला वाहक निवडला म्हणजे थरही चांगला वाहक होतो, हा समज येथेच निकालात निघतो. यागी आणि कुनी या जपानी संशोधकांनी १९५७ मध्ये आणि झेनर व श्लुंडर या जर्मन जोडीने १९७० मध्ये अशा थराच्या वाहकतेची सूत्रे मांडली. अभियंते आजही त्यांच्याच आधाराने आकडेमोड करतात. तापमान बरेच वाढले आणि कण मोठे असले तर प्रारणाने, म्हणजे किरणांवाटे जाणाऱ्या उष्णतेने, थोडी भर पडते, परंतु दोनशे-तीनशे अंशांच्या बारीक वाळूत तिच्यावर फार विसंबता येत नाही.

हवाही काढून टाकली तर काय होते, याचे उदाहरण अनेक मोठ्या इस्पितळांच्या आवारात उभे असते. द्रवरूप ऑक्सिजनच्या उभ्या टाक्यांच्या दोन भिंतींमध्ये परलाइट या हलक्या खनिजाची भुकटी भरून त्या पोकळीतील हवा काढून घेण्याची पद्धत आहे. तेथे कणांचा थर उष्णता अडवण्यासाठीच वापरलेला असतो.

आता वाळूचा हिशेब वेळेच्या भाषेत मांडतो. ०.३ वॅटची वाहकता आणि वाळूची उष्णताधारकता धरून हिशेब केला, तर तापलेल्या पृष्ठापासून दहा सेंटिमीटर आत उष्णता नीट पोचायला ढोबळ मानाने बारा तास लागतात. अर्ध्या मीटरला किती लागतील? पाचपट नव्हे, पंचवीसपट, म्हणजे बारा-तेरा दिवस. अंतर वाढते तसा वेळ त्याच्या वर्गाने वाढतो. सौर साठ्याला भरायला जेमतेम सहा-सात तासांचे ऊन मिळते, तेव्हा टाकीत वाळू भरून बाहेरून तापवण्याची कल्पना येथेच बाद होते. कान्कानपाच्या साठ्यातही वाळूतून नळ्यांचे जाळे फिरवून त्यांतून गरम हवा खेळवलेली आहे, ते हौसेखातर नव्हे. आपल्या जुन्या बाजारात चणे-शेंगदाणे भाजणारा भडभुंजा कढईतली वाळू क्षणभरही झाऱ्याने हलवायची थांबत नाही, त्यामागेही हेच कारण आहे: वाळू पडून राहिली तर तळाची लाल होते आणि वरचा चणा कच्चा राहतो. साठ्यात वाळू ढवळणे परवडत नाही, म्हणून तेथे झाऱ्याचे काम हवेकडून करून घ्यावे लागते.

कणांमधून हवा सोडली की चित्र पालटते, आणि विषयाचा खरा रस येथेच आहे. सारख्या आकाराचे गोल कण कसेही ओतले तर थराचा साधारण चाळीस टक्के भाग पोकळ राहतो. त्या वाकड्यातिकड्या वाटांनी जाणारा हवेचा प्रत्येक धागा समोर कण आला की दुभंगतो, त्याला वळसा घालतो, पलीकडे दुसऱ्या धाग्यात मिसळतो आणि पुढच्या कणाशी पुन्हा दुभंगतो. प्रत्येक कणागणिक हवेचा अंश कधी डावीकडे तर कधी उजवीकडे कणाच्या काही अंशाइतका सरकतो आणि आपली उष्णता बरोबर नेतो. या पसरण्याला आम्ही थर्मल डिस्पर्शन म्हणतो. कणाच्या वाहकतेशी त्याचा संबंध नसतो. हवेचा वेग आणि कणाचा आकार या दोनच गोष्टींवर ते ठरते. बॅरन यांनी १९५२ मध्ये हे सरकणे दिशाहीन पावलांच्या गणिताने मांडले, आणि प्रिन्स्टनच्या विल्हेल्म यांनी सहकाऱ्यांसह त्याआधी व नंतरही हे पसरणे प्रयोगांनी मोजले. हवेचा वेग आणि कणाचा आकार यांच्या गुणाकाराला पसरण्याच्या दराने भागले की पेक्ले अंक मिळतो; तो जितका लहान, तितके पसरणे जास्त. वेग पुरेसा असेल तर आडव्या दिशेचा हा अंक दहाच्या आसपास आणि प्रवाहाच्या दिशेचा दोनच्या आसपास स्थिरावतो. म्हणजे त्याच थरात, त्याच हवेत, उष्णता वाहत्या दिशेने आडव्यापेक्षा पाचपट जोमाने विखुरते. काचेचा किंवा पोलादाचा अखंड ठोकळा असा दुजाभाव करत नाही. एकाच थराला दोन दिशांना दोन वाहकता असतात, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पटवणे जड जाते, असा माझा अनुभव आहे.

एक उदाहरण आकड्यांत देतो. पाच मिलिमीटरच्या सिरॅमिकच्या गोळ्यांच्या थरातून साध्या तापमानाची हवा सेकंदाला एक मीटर वेगाने सोडली. रिकाम्या नळीच्या हिशेबाने धरलेला हा वेग आहे. हवा बंद असताना थराची वाहकता ०.२ वॅटच्या जवळपास असते. हवा सुरू होताच आडव्या दिशेत त्यात सुमारे ०.५७ वॅटची भर पडते आणि एकूण वाहकता जवळपास चौपट होते. प्रवाहाच्या दिशेत तर भर तीन वॅटच्या जवळ जाते. मात्र ही भर फुकट मिळत नाही. थरातून हवा ढकलायला लागणाऱ्या दाबाचे अर्गन यांचे १९५२ चे सूत्र लावले तर एवढ्या वेगाला थराच्या प्रत्येक मीटरमागे साडेचार हजार पास्कल, म्हणजे ४६ सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका दाब खर्च होतो, आणि तो ब्लोअरच्या वीजबिलात दिसतो.

बडोद्याच्या रासायनिक पट्ट्यात काम केलेल्यांना यातले काही नवीन वाटणार नाही, कारण उष्णता बाहेर पडणाऱ्या प्रक्रियांच्या कॅटॅलिस्टने, म्हणजे उत्प्रेरकाच्या कणांनी, भरलेल्या नळ्या याच नियमांनी चालतात. थॅलिक अनहायड्राइड या रसायनाच्या संयंत्रात जेमतेम एक इंच व्यासाच्या हजारो नळ्या उष्णता काढून घेणाऱ्या वितळलेल्या मिठात बुडवलेल्या असतात. नळी इतकी बारीक का, असा प्रश्न नव्या माणसाला पडतो. मध्य आणि भिंत यांतील तापमानाचा फरक नळीच्या व्यासाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे व्यास दुप्पट केला तर फरक चौपट होतो आणि थराची वाहकता तर तुटपुंजी. त्या बारीक नळीतही सुरुवातीच्या काही भागात तापमान मिठापेक्षा पन्नास-साठ अंश वर चढून पुन्हा उतरते. त्या शिखराला आम्ही हॉटस्पॉट म्हणतो. मी जेथे नोकरीला होतो तेथे नळीच्या मध्यातून जाणाऱ्या बारीक बंद नळकांड्यात थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारांची जोडी, सोडलेले असे, आणि ऑपरेटर त्याच्या तारेवर खडूच्या खुणा करून ते एकेका खुणेने वर ओढत तापमान टिपून घेई. बाहेरच्या मिठाचा काटा जराही हललेला नसताना मध्यातला आकडा पंधरा-वीस अंश सरकलेला मी पाहिला आहे. भिंतीवर लावलेला एकच तापमापक पाहून पॅक्ड बेडविषयी मत देणाऱ्याचे म्हणणे मी तेव्हापासून फारसे मनावर घेत नाही.

भिंतीचीही एक वेगळी गोष्ट आहे. गोल कण सपाट भिंतीला टेकले की भिंतीलगत पोकळी जवळजवळ शंभर टक्के होते, अर्ध्या कणाच्या अंतरावर ती अगदी कमी होते, पुन्हा वाढते, आणि असे हेलकावे खात चार-पाच कणांच्या अंतरावर स्थिरावते. बेनेनाटी आणि ब्रोसिलो यांनी १९६२ मध्ये हे मोजले. त्यांनी शिशाचे छर्रे भांड्यात ओतून मध्ये एपॉक्सी भरली आणि ती घट्ट झाल्यावर तो दंडगोल लेथवर थर-थर कातून प्रत्येक वेळी उरलेल्याचे वजन केले. उपकरणे नसतील तर डोके कसे चालवावे, याचा हा नमुना आहे. साठ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की टाकी कणांच्या मानाने अरुंद असेल तर हवा भिंतीच्या कडेने निसटते आणि मधले दगड थंडच राहतात.

आता लेखाच्या मूळ विषयाकडे, म्हणजे दगडांच्या साठ्याकडे वळतो. वरून गरम हवा सोडली की दगड एकदम सगळे तापत नाहीत. वरचा थर तापतो, त्याखाली तापमान उतरत जाणारा एक पट्टा असतो आणि त्याखाली थंड दगड. हा पट्टा हळूहळू खाली सरकतो. शूमान यांनी १९२९ मध्ये त्याचे गणित मांडले आणि फर्नास यांनी अमेरिकेत १९३० च्या सुमारास दगडांवर ते तपासले. तीन मीटर उंचीच्या, पंचवीस मिलिमीटरच्या दगडांच्या थरातून सेकंदाला ०.२ मीटर वेगाने हवा सोडली तर हा पट्टा ताशी ६५ सेंटिमीटरच्या आसपास सरकतो, म्हणजे थर भरायला साडेचार तास. येथपर्यंत उद्योजक खूश होतो. परंतु सरकताना हा पट्टा रुंदही होत जातो. हवा आणि दगड यांच्यातील देवाणघेवाणीला लागणारा वेळ आणि प्रवाहाच्या दिशेचे विखुरणे ही दोन्ही कारणे त्याला पसरवतात. या देवाणघेवाणीचे वाकाओ यांचे सूत्र आणि वर सांगितलेला पेक्ले अंक वापरून मी हिशेब केला, तेव्हा तळाशी पोचेपर्यंत त्या पट्ट्याचा मुख्य भाग सव्वा मीटर रुंद झालेला आढळला. उष्णता काढतानाही तेच घडते. साडेचार तासांच्या साठ्यातला शेवटचा तास-दीड तास हवा आधी कमी गरम आणि मग कोमट येते. साठ्यात उष्णता आहे, पण कारखान्याला हव्या त्या तापमानाची नाही. साठ्याची एकूण क्षमता सांगणाऱ्या आकड्यात ही कोमट उष्णताही धरलेली असते.

पंचवीसऐवजी पाच मिलिमीटरची खडी घेतली तर हाच पट्टा सुमारे ४० सेंटिमीटरवर येतो, कारण एका घनमीटरमधील पृष्ठफळ १४४ चौरस मीटरवरून ७२० वर जाते. मात्र दाबाचा खर्च मीटरमागे ३६ पास्कलवरून २८० वर चढतो. हे आकडे साध्या तापमानाच्या हवेचे आहेत. गरम हवा फुगते, तिचा वेग वाढतो, आणि दाबाचा खर्च याहूनही जास्त येतो. कोणता कण घ्यावा हे म्हणूनच वाहकता पाहून ठरत नाही; विजेचा दर आणि शेवटच्या तासात चालणारे किमान तापमान यांची सांगड घालूनच ते ठरवावे लागते. फरसाण तळण्यापूर्वी डाळ वाळवणाऱ्याला शेवटची कोमट हवाही चालेल. रंगद्रव्य वाळवणाऱ्याला ती चालणार नाही, कारण तेथे ओलावा अर्धवट राहिला तर सारी रास परत जाते.

उंचीबाबतही एक बारकावा आहे. पट्ट्याची रुंदी उंचीच्या वर्गमुळाने वाढते. थर चौपट उंच केला तर पट्टा दुप्पट होतो, म्हणजे उंच थरात वाया जाणारा वाटा निम्म्यावर येतो. बुटकी पसरट टाकी बांधायला सोपी, पण साठा म्हणून ती गैरसोयीची. गरम हवा वरून आणि थंड हवा खालून, ही दिशा मात्र कधीही उलटी करू नये. जड थंड हवा गरम हवेच्या डोक्यावर बसवली की ती खाली कोसळते आणि सगळा पट्टा ढवळून निघतो. पत्र्याच्या टाकीचा आणखी एक धोका असा की ती तापून फुगते तेव्हा दगड खाली बसतात, आणि ती निवून आकसते तेव्हा त्या दगडांना वर यायला वाट नसते. रोजच्या तापण्या-निवण्यात पत्रा ताणला जातो आणि शेवटी फाटतो.

या शहराच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम लिहितो. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन सुरू केले, तेव्हा कारागिरांना त्यांच्याच भाषेत तंत्र शिकवावे हा त्यामागे विचार होता. आपले दैनिक मराठीत तंत्रज्ञान मांडते, ही त्याच वाटेवरची गोष्ट आहे आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. त्यामुळेच अपेक्षाही जास्त आहे. उद्या कोणी असा साठा विकायला आला आणि आपल्या वाचकाने किती किलोवॉट-तास इतकेच विचारून दाम मोजले, तर त्याला निम्मीच माहिती मिळालेली असेल. कणाचा आकार, हवेचा वेग, त्या वेगाला लागणारा दाब आणि बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान तासागणिक कसे उतरते याचा आलेख, हे त्याने लेखी मागावे. आलेख नाही म्हणणाऱ्याकडून खरेदी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचा प्रयोग फारसा खर्चिक नाही. दोनशे लिटरचे एक पिंप बाहेरून ग्लासवूलने नीट गुंडाळावे, त्यात पंचवीस मिलिमीटरच्या चाळणीने निवडलेली धुतलेली खडी भरावी, आणि ताशी १८० घनमीटर हवा देणारा ब्लोअर व सहा किलोवॉटचा हीटर जोडावा. मध्यरेषेवर पाच थर्मोकपल आणि एक मुद्दाम भिंतीलगत ठेवावे, आणि दर पाच मिनिटांनी आकडे उतरवून घ्यावेत. शंभर अंशांच्या फरकाला तापमानाचा पट्टा साधारण सव्वा तासात तळ गाठेल. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी हे एका दुपारी करू शकतात. एखाद्या महाविद्यालयाने ते केले आणि आपण तो आलेख त्या लेखाचा पुढचा भाग म्हणून छापलात, तर भिंतीलगतचा सहावा आकडा मधल्या पाचांपासून किती फटकून चालतो, तेही वाचकांना पाहायला मिळेल.

कळावे, लोभ असावा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त रासायनिक अभियंता,
दांडियाबाजार, बडोदे